टेक दॅट सोडल्यानंतरचे रॉबी विल्यम्सचे एकल अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

सुरुवात १९९७ च्या 'लाइफ थ्रू अ लेन्स'पासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रॉबी विल्यम्स १९९५ मध्ये टेक दॅट या ब्रिटिश गटातून बाहेर पडला, तेव्हा पुढे त्याचे काय होणार याची कुणालाच खात्री नव्हती. १९९६ मधले त्याचे पहिले एकल गाणेही स्वतःचे नव्हते. जॉर्ज मायकलचे 'फ्रीडम' त्याने नव्याने गायले होते आणि तो जॉर्ज मायकलही 'व्हॅम' ही पॉप जोडी फुटल्यावरच स्वतंत्र गायक झालेला होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

या पहिल्या अल्बमला आरंभी थंडच प्रतिसाद मिळाला. मग डिसेंबर १९९७ मध्ये त्यातले 'एंजल्स' स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि १९९८ मध्ये अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हे गाणे हेडफोन लावून ऐका: आधी पियानो आणि जवळजवळ बोलल्यासारखा आवाज, मग ध्रुवपदाला तोच आवाज मोकळा सुटतो. गटाच्या समूहस्वरात ही कातरता कधी ऐकूच आली नसती.

त्यानंतर 'आय हॅव बीन एक्स्पेक्टिंग यू' (१९९८) आणि 'सिंग व्हेन यू आर विनिंग' (२०००) ऐकावेत. गाय चेंबर्सबरोबरची त्याची गीतलेखनाची जोडी येथे चांगलीच मुरलेली आहे. जुन्या स्विंग संगीताची आवड असेल, तरच २००१ चा 'स्विंग व्हेन यू आर विनिंग' घ्यावा, अन्यथा थेट 'एस्केपॉलॉजी'कडे (२००२) वळावे.