गडग्यावरचा थिरथिरा

दुर्बिणीची घाई करू नकोस. आधी थिरथिरा या छोट्या पक्ष्याची शेपटी बघायला शीक. कोकणात तो ऑक्टोबरच्या सुमारास उतरतो आणि मार्चपर्यंत राहतो. घरटं बांधायला मात्र परत हिमालयाकडे, मध्य आशियाकडे जातो. इथे तो जोडीने नाही, एकटाच असतो. म्हणून काळा-तांबूस नर दिसला तर शेजारी मादी शोधत बसू नकोस. मातकट रंगाची मादीही अशीच एकटी, दुसऱ्या कुठल्यातरी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर सापडेल.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चिरक हा दुसरा पक्षीही असतो, तिथे नवखे हमखास फसतात. चिरक शेपटी वर उभारतो, तांबडा डाग दिसतो तो फक्त बुडाशी. थिरथिऱ्याची शेपटीच तांबूस, आणि बसल्या बसल्या थरथरते.

कापणी झालेल्या मळ्याकडेचा एकच गडगा धर. सकाळी तासभर हलू नकोस. तो चिऱ्यावरून खाली झेपावतो, मुंगी किंवा कोळी टिपतो, पुन्हा वर येतो. कुठल्या दगडावर बसला, किती वेळाने उतरला, दुसरा आला तर हाकललं का, सगळं वहीत लिही. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, कधीच. पोट भरायची वेळ असते त्याची.