निपाणीजवळच्या गावातला भाचा रॅपिड फायर पिस्तूल शिकायचं म्हणतोय, सुरुवात कुठून करावी?

दादा, थेट रॅपिड फायरपासून नकोच. आधी 10 मीटर एअर पिस्तूल पक्कं होऊ द्या. रॅपिड फायरला .22चं, म्हणजे खऱ्या गोळीचं पिस्तूल लागतं आणि त्याला परवाना आला.

खेळ असा: 25 मीटरवर शेजारीशेजारी पाच लक्ष्यं, प्रत्येकावर एकच गोळी. आधी आठ सेकंदांत पाच, मग सहात, शेवटी चारात. अशा फेऱ्या पुन्हा पुन्हा होऊन एकूण 60 गोळ्या. हात 45 अंशात खाली धरून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की उचलायचा. चार सेकंदांच्या फेरीत खरी परीक्षा पहिल्या गोळीची. निम्मा वेळ तीच खाते. तिथे घाई झाली की ट्रिगर झटक्यात ओढला जातो आणि पुढच्या चारही बिघडतात. शिवाय हात मनगटातून नाही, कमरेपासून अख्खं अंग वळवून पुढच्या लक्ष्यावर न्यायचा.

रिकाम्या पिस्तुलाने घरी सराव होतो. भिंतीवर 15 सेंमी अंतराने पाच ठिपके काढा, 5 मीटरवर उभं करा. 25 मीटरवरच्या 75 सेंमीचा हिशेब बरोबर तेवढाच येतो. पिस्तूल रिकामं आहे हे दर वेळी स्वतः तपासा, यात सूट नाही.

विजय कुमारने 2012ला लंडन ऑलिंपिकमध्ये यातच रौप्य मिळवलं. अनिश भानवाला 2018च्या राष्ट्रकुलात 15व्या वर्षी सुवर्ण जिंकला. आणि पिस्तूल नेमबाज राही सरनोबत तर शेजारच्या कोल्हापूरची! तुम्हाला निपाणीहून कोल्हापूर बेळगावापेक्षा जवळ, त्यामुळे प्रशिक्षक शोधताना तिकडेही जाऊन बघाच.