प्लँक्टनचा चुना आणि आईचा प्रश्न

प्रश्न: ताई, मी दहिसरची, एमएस्सी बॉटनी झालंय. बाहेरच्या एका लॅबमध्ये रिसर्चची जागा निघालीये, विषय समुद्री प्लँक्टनमधलं (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) कॅल्सिफिकेशन, म्हणजे चुना बनवणं, आणि फोटोसिंथेसिस. आई म्हणते शेवाळ बघायला एवढ्या लांब कशाला, जुहूला जा. मला वाटतं हे जीव चुना बनवतात म्हणजे कार्बन अडकवतात, मग समुद्रात जास्त वाढवले की झालं ना? इंटरव्ह्यूत हे बोलू का?

उत्तर: अजिबात बोलू नकोस, पहिल्याच बॉलला विकेट जाईल!

अगं गंमत उलटी आहे. कॉकोलिथोफोर म्हणजे अंगावर चुन्याच्या तबकड्या बनवणारं एकपेशी शेवाळ, त्यातला सगळ्यात फेमस एमिलियानिया हक्सलेई, एका मिलिमीटरमध्ये दोनेकशे मावतील एवढासा, तो पाण्यातल्या दोन बायकार्बोनेटमधून (पाण्यात विरघळलेल्या कार्बनचं एक रूप) एकाचा चुना करतो आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड सोडतो. समुद्राचं पाणी त्यातला थोडा पचवतं, म्हणून चुन्याच्या एका रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचा साधारण 0.6 रेणू एवढाच उरतो, पण सुटतो हे खरं. त्याच वेळी तोच जीव फोटोसिंथेसिससाठी कार्बन आत ओढतोय, म्हणजे एका हाताने देणं एका हाताने घेणं, आणि मेल्यावर चुन्याच्या वजनाने बाकीचा माल तळाला नेतो तो हिशोब वेगळाच.

पूर्वी वाटायचं की चुना बनवताना सुटलेला कार्बनच फोटोसिंथेसिसला मिळतो, पण पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतलं की चुना थांबतो आणि फोटोसिंथेसिस तरी चालूच राहतं. मग एवढी एनर्जी घालवून ही चुन्याची तबकडी बनवायची कशाला? यावर अजून वाद आहेत. इंटरव्ह्यूत हे बोल.

आता रोजचं काम सांगते, कारण जाहिरातीत ते नसतं. पाणी गाळायचं, ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक), लाइट-अंधाराचं टायमर सांभाळायचं, आणि मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं. पोलराइज्ड लाइटमध्ये तबकड्या अंधारात पांढऱ्या लखलखतात, ते एकदा बघितलं की मान दुखलेली विसरतेस. वैताग म्हणजे वर्षानुवर्षं बाटलीत राहून काही स्ट्रेन (एकाच जीवाचे लॅबमध्ये वाढवलेले वाण) चुना बनवायचंच सोडतात, सरकारी नोकरी लागल्यासारखं. चुना किती झाला ते कळायला तेच पाणी दोन फिल्टरवर गाळतात, एकाला अ‍ॅसिडची वाफ देऊन चुना उडवतात, दोघांतला फरक तो चुन्यातला कार्बन.

पीएचचं, म्हणजे पाणी किती आम्ल त्या मापाचं, पण वाचून जा, औद्योगिक काळाआधी समुद्र साधारण 8.2 होता, आता 8.1, आकडा चिमुकला वाटतो पण स्केल लॉगचं आहे, एक आकडा खाली म्हणजे आम्लता दहापट. चुना बनवताना पेशीला हायड्रोजन आयन बाहेर टाकावे लागतात, बाहेरच आम्लता वाढली की ते टाकणं अवघड.

आईला सांग, जुहूला कधीकधी रात्री निळं चमकतं ते नॉक्टिल्युका, तोही प्लँक्टनच, पण तो चुना बनवत नाही. आणि अर्ज करायच्या आधी अंधेरीत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र आहे तिथे चौकशी करून बघ, थोडा अनुभव मिळाला तर सीव्हीला वजन येईल. पुढच्या वेळी तिसऱ्या आणल्यात की रिकाम्या शिंपलीवर व्हिनेगर टाकून आईला बुडबुडे दाखव, तो फिल्टरवाला प्रयोग साधारण हाच.