दिवेलागणीनंतरचा कढीपत्ता

हॅम्बुर्ग, डिसेंबर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी आमटीच्या फोडणीसाठी तू खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता तोडायला गेलीस आणि व्हिडिओ कॉलवरून आजीने तुला थांबवले : "अगं, दिवेलागण केव्हाच झाली, आता त्याला हात लावू नकोस, झोपलंय ते." फोन ठेवल्यावर तू विचारलेस, की झाड खरोखर झोपते का, झोपत असेल तर दोन पानांनी त्याचे काय बिघडते, आणि इथे डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो तर रात्रीच्या आमटीत कढीपत्ता घालायचाच नाही का. जेवता जेवता याचे धड उत्तर देता आले नसते, म्हणून लिहून देत आहे. तेवढेच तुझे मराठी वाचनही होईल.

काही झाडांच्या बाबतीत आजीचे म्हणणे डोळ्यांनी पाहता येते. आपल्या कोकणातल्या घरामागे चिंचेचे झाड आहे. दिवस मावळू लागला की त्याच्या देठाच्या दोन्ही बाजूंची बारीक पाने जोडीजोडीने एकमेकांना चिकटतात आणि दिवसभर गच्च दिसणाऱ्या झाडातून आरपार आकाश दिसू लागते. शिरीष आणि आवळाही असेच मिटतात. पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्याच्या एका बाजूच्या पेशींतले पाणी दुसरीकडे गेले की पान वळते. हे केवळ अंधारामुळे होत नाही. 1729 मध्ये द मैरां नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने लाजाळूसारखे एक झाड सतत अंधारात ठेवून पाहिले, तरी त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली, म्हणजे झाडापाशी स्वतःचे घड्याळ असते. तुझ्या खिडकीसमोरचा बर्चही याला अपवाद नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फिनलंड आणि ऑस्ट्रिया येथील बर्चच्या झाडांची लेझरने रात्रभर मोजणी केली होती. सुमारे 5 मीटर उंचीच्या त्या झाडांच्या फांद्या पहाटेपर्यंत 10 सेंटीमीटरपर्यंत खाली कलल्या आणि सकाळी पुन्हा वर आल्या. याला माणसाच्या अर्थाने झोप म्हणावे की नाही हा वाद शास्त्रज्ञांवर सोडून दे. रात्री झाड दिवसासारखे नसते, एवढे मात्र नक्की.

आता खरी अडचण अशी, की कढीपत्त्याची पाने मिटताना काही दिसत नाहीत, आणि तरीही आजी त्यालाही हाच नियम लावते. जास्वंदीला, तगरीला, अळवालाही लावते. मला वाटते, इथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आजीच्या लेखी झाडे ही घरातली माणसे आहेत, आणि घरातल्या माणसाकडे काही मागायचे तर वेळ पाहून मागावे, हा तिचा शिरस्ता आहे. तिला पान तोडताना तू नीट पाहिलेले नाहीस, म्हणून सांगतो. स्वयंपाकासाठी पाने घेताना ती शेंड्याकडच्या कोवळ्या पालवीला हात लावत नाही. एका हाताने फांदी धरते, दुसऱ्या हाताच्या नखाने खालची जून डहाळी बुडाशी अलगद मोडते, मग दुसऱ्या फांदीकडे वळते, आणि हे सारे होईतो तोंडाने "दोन पानं घेते हो बाय" असे काहीतरी पुटपुटत असते. पाने ओरबाडून नुसती काडी झाडावर ठेवणाऱ्यांचा तिला मनस्वी राग येतो, आणि तो वाजवी आहे. देवासाठी फुले काढतानाही ती झाड कधी रिकामे करत नाही, चार फुले झाडावर राहू देते. पारिजातकाला तर कोणी तोडायचेच नसते. पहाटे त्याचा सडा पडतो आणि देवाला एरवी न चालणारी, जमिनीवर पडलेली फुले त्या झाडाची मात्र चालतात.

या नियमाची शास्त्रीय म्हणून सांगितली जाणारी कारणे तुझ्या मोबाइलवर येतीलच. त्यांतली बरीचशी खोटी आहेत. तुळस चोवीस तास प्राणवायू देते, पिंपळ रात्रीही देतो, असे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलेले असते. प्राणवायू सोडायला झाडाला उजेड लागतो. रात्री झाडे तुझ्यामाझ्याप्रमाणे केवळ श्वसन करतात, आणि ते इतके थोडे असते की त्यामुळे खोलीतल्या माणसाला काहीही अपाय होत नाही. आजीच्या नियमाला अशा उसन्या आधाराची गरज आहे असे मला मुळीच वाटत नाही. त्यापेक्षा कोकणातल्या घराच्या मागल्या दारी रात्री उभे राहिले की कारण आपोआप कळते. झुडपांत चापड्यासारखा पानांच्याच रंगाचा विषारी साप असतो आणि तो रात्री बाहेर पडतो. फांद्यांवर पाखरे बसलेली असतात. वीज नसलेल्या काळात मुलांना हे सगळे समजावत बसण्याऐवजी "झाड झोपलंय" एवढे सांगणे सोपे होते, आणि मुले ते ऐकतही. कोकणातल्या देवराईत याहून कडक रीत होती : देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानातली वाळून पडलेली काटकीही घरी न्यायची नाही.

तुला हे अगदीच परके वाटायला नको. आपल्या खालच्या मजल्यावरचे आजोबा कुंपणाची झुडपे बुडापासून छाटायला फेब्रुवारीतच घाई करतात, कारण जर्मनीत 1 मार्चपासून 30 सप्टेंबरपर्यंत कुंपणाची झुडपे अशी छाटायला कायद्याने बंदी आहे. तो पाखरांच्या विणीचा काळ असतो. इथे झाडाला हात लावू नये असे सात महिने आहेत, आजीकडे रोजची एक रात्र आहे. फरक असा, की इथे दंड होतो आणि आजी फक्त ओरडते.

तरीही मराठी माणूस झाडांना फार जपतो, अशी फुशारकी शाळेत मारू नकोस. दसऱ्याला सोने म्हणून वाटायला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात, आपटा पुरेनासा झाला की कांचनाची पाने आपटा म्हणून खपवली जातात, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे सोने रस्त्यावर पायदळी पडलेले असते. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळायला जाण्याऐवजी त्याची तोडलेली फांदी विकत आणून घरी पूजणारेही पुष्कळ आहेत. आजी त्यांना काय म्हणते ते मी इथे लिहीत नाही.

राहिला आमटीचा प्रश्न. हॅम्बुर्गच्या सूर्यावर आजीचा नियम तंतोतंत चालवता येणार नाही, कारण मग जूनमध्ये रात्रीचे दहा वाजत आले तरी तोडायला हरकत नाही असे ठरेल आणि डिसेंबरात तू शाळेतून येईपर्यंत वेळ टळलेली असेल. म्हणून हिवाळ्यात सकाळी डबा भरतानाच एक डहाळी काढून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवत जा, रात्रीपर्यंत ती चांगली टिकते. एकच डहाळी, कारण या दिवसांत उजेड इतका कमी असतो की कुंडीतल्या कढीपत्त्याला वसंतापर्यंत नवी पालवी जवळजवळ फुटत नाही, आणि आता काढलेले पान एप्रिलपर्यंत भरून येत नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा फोडणी कढीपत्त्याविना झाली तरी चालेल. मे महिन्यात कुंडी बाल्कनीत गेली आणि झाडाने जोर धरला की मी स्वतः त्याचा शेंडा खुडीन. त्याने झाड पसरते, आणि आजीचाही त्याला विरोध नाही, कारण ती दिवसाउजेडी स्वतः तसेच करते.

तुळशीलाही मंजिऱ्या फार आल्या आहेत, त्या खुडल्या नाहीत तर रोप नुसते उंच होऊन बुडाशी उघडे पडेल. ते काम शनिवारी सकाळी दोघे मिळून करू. रविवारी तुळशीला हात लावायचा नसतो, आणि तो का, ते या वेळी आजीलाच विचार.

तुझा,
बाबा