सोलापुरात स्पिटफायरला जिप्सीचं इंजिन बसवावं का?

तुम्ही विचारलंय की १९६८ च्या ट्रायम्फ स्पिटफायरचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, मूळ इंजिन गेलंय, तर मारुती जिप्सीचं १३०० सीसी बसवू का? बसतं. जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते. ती काढून प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) नवीन करून घ्यावा लागेल.

पण आधी एक सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीलाच व्हिंटेज नोंदणी मिळते. इंजिन बदललं की तो हक्क गेलाच समजा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे (गाडीत बदल करण्याबाबतचं कलम) सोलापूरच्या, म्हणजे एमएच-१३ च्या आरटीओची मंजुरी आधी घ्या, आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवा, विमा कंपनीला कळवा.

खरी काळजी स्पिटफायरच्या मागच्या स्विंग अॅक्सलची, म्हणजे चाकासकट वर-खाली झुलणाऱ्या अॅक्सलची. वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला की मागचं चाक खालून आत दुमडतं आणि गाडी फिरते. जास्त ताकदीने वेग वाढला की धोकाही वाढतो. म्हणून ब्रेक आणि सस्पेन्शन आधी, इंजिन नंतर. आपल्याकडच्या मे महिन्यासाठी रेडिएटर मोठाच घ्या, सोबत इलेक्ट्रिक पंखा.

माझं मत विचाराल तर मूळ इंजिन रिबोअर होतंय का (म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून पुन्हा वापरता येतात का), हे एकदा चांगल्या लेथवाल्याला दाखवाच. आणि काहीही झालं तरी इंजिनचा जुना ब्लॉक भंगारात देऊ नका!