बालसाहित्याचा पेपर घेतलास? मग आधी एवढं कर

एम.ए.ला बालसाहित्य घेतलंस, फार छान केलंस. समीक्षेचे जाड ग्रंथ सध्या राहू देत. पुस्तकं मोठ्यानं वाच. विंदा करंदीकरांची ‘एटू लोकांचा देश’ ही बालकविता वाडीतल्या तिसरी-चौथीच्या पोरांना ओटीवर बसवून वाचून दाखव. कुठल्या ओळीला ‘परत म्हण’ होतं, कुठे चुळबुळ सुरू होते, ते लगेच वहीत टिप. लय, यमक यांवर लिहिताना हीच टिपणं कामी येतात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- ‘बोध काय?’ इथूनच सुरुवात करणं. आधी गोष्ट कोण सांगतंय ते बघ. ‘श्यामची आई’ (१९३५) आपल्या कोकणातल्या पालगडच्या साने गुरुजींची, म्हणून आपण ती नुसती हळवे होऊन वाचतो. पण त्यात मोठा झालेला श्याम रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आठवणी सांगतोय. म्हणजे मुलाचा अनुभव किती आणि मोठ्या माणसाची समज किती? एकच रात्र, म्हणजे एकच प्रकरण, निवड आणि ओळीओळीला हे तपास. अख्खा निबंध त्यातून उभा राहील.
- चित्रं सोडून देणं. मजकुरात नाही असं काय चित्र सांगतं, ते लिही.
- ‘मला लहानपणी आवडलं होतं’ एवढ्यावर पुस्तक चांगलं ठरवणं.

वयोगट मात्र प्रत्येक टिपणात लिहायचाच.

सिद्धांत पुढच्या सत्रात बघू. पहिली दोन-तीन टिपणं झाली की पाठव, मी नक्की वाचते.