सून, स्नुषा आणि आद्य-स्लाव्ह *स्नुखा

रशियन ‘स्नोखा’ आणि मराठी ‘सून’ यांतील साम्य योगायोगाचे आहे का, आणि हा शब्द ‘पुत्र’ या अर्थाच्या शब्दावरून निघाला का, असे आपले दोन प्रश्न आहेत. साम्य योगायोगाचे मुळीच नाही. मात्र त्याचा पुरावा शब्द सारखे ऐकू येण्यात नसून ध्वनिबदलांच्या नियमिततेत आहे.

आद्य-स्लाव्ह, म्हणजे रशियन, पोलिश, सर्बियन इत्यादी स्लाव्ह भाषांच्या समान पूर्वज भाषेतील, रूप *स्नुखा असे मानले जाते. तारका म्हणजे हे रूप लिखित स्वरूपात सापडलेले नसून तुलनेने सिद्ध केलेले आहे. त्यातील उकार अतिऱ्हस्व होता आणि ‘ख’ घर्षक, म्हणजे घशात हवा घासून उच्चारला जाणारा, होता. त्यामागचे इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि स्लाव्ह या सर्वांच्या आणखी जुन्या पूर्वज भाषेतील, रूप *स्नुसोस. इ, उ, र, क यांच्यानंतरचा ‘स’ संस्कृतात ‘ष’ झाला, तर स्लाव्ह शाखेत त्याचाच पुढे ‘ख’ झाला, म्हणून इकडे ‘स्नुषा’ आणि तिकडे *स्नुखा. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधील ‘स’चा ‘र’ होऊन ‘नुरुस’ झाले. ग्रीकमध्ये तो लोप पावून ‘नुओस’ उरले. ग्रीक शब्द स्त्रीलिंगी असूनही पुल्लिंगी वाटणारा प्रत्यय बाळगतो, आणि माझ्या मते हाच या शब्दाच्या प्राचीनत्वाचा सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण संस्कृत आणि स्लाव्ह यांनी लिंगाशी जुळणारा आकारान्त नंतर स्वीकारला.

वंशजांपैकी सर्बियनमध्ये अतिऱ्हस्व उकाराचा ‘अ’ होऊन ‘स्नाहा’ आणि ‘ह’ गळून ‘स्नाया’ झाले. मॅसेडोनियनमध्ये ‘स्नाआ’ आहे. बल्गेरियन आणि चेक भाषांतही हा शब्द टिकला. पोलिशमध्ये मात्र ‘सिन’ म्हणजे मुलगा, यावरून घडवलेल्या ‘सिनोवा’ने जुन्या शब्दाची जागा घेतली. रशियन परंपरेत ‘स्नोखा’ ही मुख्यतः सासऱ्याच्या दृष्टीने सून. सासू तिला ‘नेवेस्त्का’ म्हणते.

‘पुत्राची ती स्नुषा’ ही व्युत्पत्ती आकर्षक असली तरी मला ती मान्य नाही. पुत्रवाचक शब्दात मूळचा दीर्घ ऊ आहे: संस्कृत ‘सूनु’, आद्य-स्लाव्ह *सिनु, ज्यातील पहिला स्वर त्याच दीर्घ ऊचा वंशज आहे. स्नुषेच्या शब्दात मात्र सर्वत्र ऱ्हस्व उ आहे आणि तोही ‘न’च्या पुढे. मराठी ‘सून’मधील दीर्घ ऊ येथे साक्ष देऊ शकत नाही, कारण तो प्राकृत ‘सुण्हा’मधील जोडाक्षर सुटे होताना आलेला, म्हणजे बराच अलीकडचा आहे.